एकाच बादलीतले तेवीस

नळाला पाणी आलं की खाली बादली लावायची आणि ती भरेपर्यंत फोनवर मेल बघायची, ही माझी रोजची सवय. निरंजन, माझा नवरा, म्हणतो की एक दिवस तू फोन नळाखाली धरशील आणि बादलीवर उत्तरं लिहीत बसशील. त्या सकाळी तेवढं झालं नाही. पण बादली भरली, काठोकाठ झाली, वाहायला लागली, पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं, आणि मी फोन हातात धरून नुसती त्या निळ्या बादलीकडे बघत उभी राहिले. मेल साधी होती. कोणा गौतमीची. "आदरणीय मॅडम, मी मूळची उरवड्याची, सध्या बंगळुरूला गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर संशोधन करते. तुमच्या जुन्या निबंधात पाथरवाडीच्या खिंडीच्या दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस खेकडे आहेत. ते सगळे तुमच्या कॉलेजात एकाच बरणीत ठेवलेले आहेत असं कळलं. त्यांतले अलीकडचे कोणते आणि पलीकडचे कोणते, एवढंच सांगाल का? मी तीन वर्षं पलीकडे शोधते आहे, एकही सापडला नाही. असलेच तर आता फक्त तुमच्या बरणीत आहेत." शेवटी लिहिलं होतं, त्रासाबद्दल क्षमस्व. निरंजन मागून ओरडला, "सुनीती, अगं घराचं धरण झालंय!" मी नळ बंद केला. मग फडकं घेऊन पुसायला बसले. बावीस वर्षांपूर्वीची ती बादलीसुद्धा निळीच होती.

मी पिरंगुटच्या पुढे एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. भूगावला राहते, बसने जाते-येते. बसमध्ये पाळीवर निघालेले कारखान्यांचे कामगार डुलक्या घेत असतात आणि मी खिडकीतून डोंगर किती खाली आले ते मोजत असते. म्हणजे डोंगर खाली येत नाहीत, घरं वर चढतात, पण दिसतं तसं. माझ्या नावावर चारदोन बारके निबंध आहेत आणि एक जरा नाव घेण्यासारखा. त्याच्यावर मला डॉक्टरेट मिळाली, त्याच्यावर नोकरी. त्या निबंधात मी असं दाखवलं होतं की पाथरवाडीच्या खिंडीच्या अलीकडच्या ओढ्यातला खेकडा आणि पलीकडच्या ओढ्यातला खेकडा ही एकच जात आहे. मधे डोंगर असला तरी फरक पडलेला नाही. चौदा मापं, तेवीस खेकडे, कोष्टकं, आलेख, सगळं चोख. खेकड्यांवर काम केलं म्हटलं की लग्नाकार्यात हमखास एखादे काका ती टोपलीची गोष्ट सांगतात, मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो, आणि स्वतःच हसतात. मीही हसते. टोपलीत कधी हात न घातलेल्या माणसालाच ती गोष्ट इतकी आवडते. खेकडे एकमेकांचे पाय ओढत नाहीत. त्यांना धरायला काहीतरी हवं असतं आणि शेजाऱ्याचा पाय जवळ असतो, इतकंच.

त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात माझं नेहमीचं व्याख्यान होतं, प्राण्यांच्या गटांची तुलना. मला ते आवडतं. वीस वर्षं तेच शिकवते तरी त्यातलं कुतूहल माझ्यापुरतं संपलेलं नाही. फळ्यावर मी आकडे लिहिते. कीटकांच्या नोंदलेल्या जाती दहा लाखांच्या वर, त्यांत भुंगेरेच चार लाख. आपण सस्तन प्राणी, सगळे उंदीर-वटवाघळं-देवमासे धरून, साडेसहा हजारांच्या आसपास. फुप्फुसाने श्वास घेणारे मासे, सहा. न्यूझीलंडमध्ये सरड्यासारखा दिसणारा पण सरडा नसलेला एक प्राणी आहे, त्याच्या गणात आज तो एकटाच. मग मी विचारते, असं का? एक फांदी इतकी फुटते आणि तिच्याच शेजारची कोट्यवधी वर्षं एकाच काडीवर का राहते? मुलं म्हणतात, जे टिकले ते यशस्वी. मी म्हणते, काडीसुद्धा टिकलीच आहे की. मुलांना नीट कळावं म्हणून मी भावकीचं उदाहरण देते. माझ्या जयसिंगमामांच्या भावकीत कोणी गेलं तर अर्ध्या गावाला सुतक. त्यांच्या शेजारची म्हातारी गेली तेव्हा सुतक धरायला एकच पुतण्या, तोही पिंपरीहून आलेला. दोन्ही घराणी सारखीच जुनी. एकाची फांदी फुटत गेली, दुसऱ्याची नाही, यात पराक्रम कुणाचा? मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. त्या दिवशी मात्र मी हे सगळं बोलत होते आणि माझंच बोलणं मला दुरून ऐकू येत होतं.

कारण व्याख्यानाचा पुढचा भाग खेकड्यांचा. खेकडा हा आकार निसर्गाला निदान पाच वेळा सुचला आहे. पाच निरनिराळ्या कुळांतले प्राणी आपापल्या वाटेने चपटे झाले, शेपूट पोटाखाली दुमडून बसले आणि आज एका रांगेत ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. म्हणजे सारखे दिसतात म्हणून नातं आहे असं नाही, आणि उलटही. हे मी दर वर्षी सांगते. समुद्रातली खेकडी लाखो पिल्लं पाण्यात सोडून देते. ती खेकड्यासारखी दिसतही नाहीत. धुळीइतकी असतात, आठवडेच्या आठवडे लाटांवर वाहत जातात, कुठेही रुजतात. म्हणून समुद्री खेकड्याची एकच जात हजार मैलांच्या किनाऱ्यावर सापडते. आपल्या डोंगरातल्या खेकडीचं तसं नाही. तिची अंडी थोडी आणि मोठी. पिल्लं अंड्यातून निघतात तीच इवलेसे खेकडे होऊन, आणि आईच्या पोटाच्या झडपेखाली धरून राहतात. आई त्यांना वाहून नेणार तरी किती? याच ओढ्यात, फार तर वरच्या कपारीत. डोंगर ओलांडून कोणी जात नाही. म्हणून एकेका खोऱ्याचा खेकडा वेगळा होत जातो, शेजारी राहूनही परका. "जी माया पोराला पोटाशी धरते तिच्यातून विविधता येते," असं एक वाक्य मी टाकते आणि मुली वहीत उतरवून घेतात. हे सगळं शिकवणारी बाई मी, आणि माझ्या एकमेव नावाजलेल्या निबंधाचा निष्कर्ष नेमका याच्या उलट. अपवाद म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. वर्गातून बाहेर पडताना मी फळा पुसायचा विसरले.

मे महिना होता, दोन हजार दोनचा. मी सव्वीस वर्षांची, प्रबंध द्यायला आठ महिने उरलेले. पाथरवाडीत खेकडे कोण धरतं विचारलं तर सगळ्यांनी एकच घर दाखवलं. सारजाबाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. घरची भातशेती, आणि उन्हाळ्यात आटत चाललेल्या ओढ्याच्या कपारींतून खेकडे काढण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, चिमट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यो चिमटा ठेव पिशवीत. हातानं धरायचं. तळहात वर, बोटं सैल. आत खरखर लागली की थांबायचं. त्यानं चावा घेतला तर हात वढायचा न्हाई. आपन वढलं की त्यो आवळतो. गप ऱ्हायलं की त्योच सोडतो." मी हात घातला. आत गार, ओलं, अंधारं. काहीतरी हललं, आणि माझ्या करंगळीला असा काही कडाडून चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. मी हात ओढला नाही. त्या शांतपणे बघत होत्या. थोड्या वेळाने त्याने खरंच सोडलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की तो आजही करंगळीत आहे. पुस्तकातला प्राणी नव्हे, माझ्यावर अविश्वास दाखवून मग विचार बदललेला प्राणी.

दुपारी आम्ही खिंड चढून पलीकडच्या ओढ्यात उतरलो. सारजामावशींनी अलीकडचे खेकडे जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, घमेल्यात ठेवले होते, वर पळसाची पानं. पलीकडच्यांसाठी त्यांनी वेगळी कळशी आणली होती, तोंडाला ओला कपडा. मला गंमत वाटली होती, ओढा बदलला म्हणून भांडं बदलायचं! "ही आपल्यातली न्हवं," त्या म्हणाल्या होत्या. "ह्यांची भावकी येगळी." आणखी एक रीत त्यांची मी पाहिली. खेकडी हातात आली की आधी उलटी करून पोट बघायचं. पोटाखाली पिल्लं असली तर ती लेकुरवाळी. तिला धरत नाहीत. "जा बाय, घरला जा," म्हणून जिथून काढली त्याच कपारीत परत. सकाळी अलीकडच्या ओढ्यावर एक लेकुरवाळी चुकून घमेल्यात राहिली आणि वर खिंडीत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आली. त्या उन्हात पुन्हा खाली उतरल्या, तिला सोडून आल्या आणि परत चढल्या. मी म्हटलं, "मावशी, पलीकडच्या ओढ्यात सोडली असती की. पाणी तेच." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी एखाद्या बाळंतिणीला भलत्याच्या घरी पोचवायला सांगत होते.

संध्याकाळची शेवटची गाडी साडेचारला. आम्ही खाली आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. फाट्यापर्यंत घमेलं आणि कळशी नेणं मला एकटीला शक्य नव्हतं, ती भांडी मावशींची. माझ्याकडे झाकणाची निळी बादली होती. मी घमेलं बादलीत ओतलं. मग कळशीचा कपडा काढला आणि तीही वरून ओतली. सारजामावशी चुलीकडून धावत आल्या. "अगं बाय, ती येगळी हायेत!" मी झाकण लावत म्हटलं, "माहीत आहे मावशी. घरी जाऊन वेगळे करते." आणि पळाले. गाडी मिळाली.

घरी जाऊन वेगळे करते. मी प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतला चिखल धुतला तर काही जांभळट दिसले, काही मातकट. पण काही दोन्हींच्या मधले होते, आणि कात टाकलेला कोणता, नर कोणता, लहान कोणता, त्याने रंग बदलतोच. म्हटलं, मापं घेताना कळेल. सगळे एकाच बरणीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवले. आठवड्याभरात सगळ्यांचा रंग विटकरी झाला. मापं घेतली, त्यांत दोन गट पडतील असा फरक निघाला नाही. दोन गोष्टी एकत्र कालवून मग त्यांच्यात फरक नाही असं सिद्ध करायला चौदा मापं कशाला लागतात, पण तेव्हा मी हे वाक्य मनात येऊ दिलं नाही. पाऊस सुरू झाला, ओढ्यात उतरणं बंद झालं, माझे मार्गदर्शक सर घाई करत होते, लग्न ठरलं होतं. पहिलं वर्षभर बादली अधूनमधून आठवायची. मग नुसती निळा रंग म्हणून आठवायची. मग नाही. मला वाटतं माणूस खोटं असं बोलत नाही, तो ते फॉर्मॅलिनमध्ये घालतो. कुजत नाही, वासही ओळखीचा होतो.

कॉलेजच्या संग्रहात जाऊन मी बरणी काढली. लेबल माझ्याच अक्षरात, किती नीटनेटकं: पाथरवाडी, दोन्ही खोरी, २३. फोनवर गौतमीला उत्तर लिहिलं. "लेबलवरची शाई कालांतराने गेल्यामुळे वेगवेगळी ओळख पटवणं आता शक्य नाही. शुभेच्छा." जुन्या संग्रहांत असं पदोपदी होतं, कोणीही विश्वास ठेवला असता. मी ते पाठवलं नाही, नुसतं राहू दिलं. फोन उघडला की ते अर्धवट उत्तर वर दिसायचं, पाठवायचं राहून गेलेलं. बसमध्ये दिसायचं, भाजी घेताना दिसायचं. मनात हिशेब चालायचे. खरं लिहिलं तर निबंध गेला, आणि निबंध गेला तर माझ्या कामात उरतं काय, दर वर्षी तेच वाक्य वहीत उतरवून घेणाऱ्या मुली. खोटं लिहिलं तर एक जात, कदाचित आता कुठेच नसलेली, कधी होती याचीसुद्धा नोंद राहणार नाही. आणि भीतीच्या खाली, खरं सांगते, दुसरंच काहीतरी वळवळत होतं. होते का ते खरंच वेगळे? बावीस वर्षं मी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आता तो सुटत नव्हता. मी भिंगाखाली एक-एक खेकडा धरला. मापं सगळी तीच. जुनी टिपणवही काढली. एका पानावर, माझ्याच अक्षरात: काहींच्या कवचाची पुढची कड गुळगुळीत, काहींची बारीक दातेरी. आणि समोर कंसात: वयोमानाने झीज. म्हणजे मी पाहिलं होतं. पाहून त्याला नाव दिलं होतं, आणि नाव दिल्यावर पुन्हा पाहिलं नव्हतं. आता जी कड बघावी ती मला गुळगुळीतही वाटे आणि दातेरीही. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

मी खेकडे बरणीतून काढले आणि फॉर्मॅलिन जावं म्हणून दोन दिवस घरी नळाखालच्या त्या निळ्या बादलीत पाणी बदलत धुतले. निरंजन नाक धरून वावरत होता. "काय चाललंय ते सांगशील का?" म्हणाला. मी सांगितलं. सगळं, बादलीपासून. पहिल्यांदाच कोणाला तरी. त्याने नाकावरचा हात काढला. मग म्हणाला, "नोकरी जाते का गं याने?" मी म्हटलं, नाही, नोकरी कशी जाईल. "मग घाबरतेस कशाला?" त्याचं बरोबर होतं आणि त्याला काही कळलेलं नव्हतं. रविवारी मी खेकडे डब्यात भरले, पौडपर्यंत बसने आणि पुढे वडाप जीपने पाथरवाडीला गेले. डिसेंबर होता, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, बांधांवर दव. फाट्यावर प्लॉट विक्रीचे मोठे फलक लागले होते, त्यांवर तळ्याकाठी हसणारं एक कुटुंब. मावशी असतील का, हे मी वाटेत कोणालाच विचारलं नाही.

त्या होत्या. अंगणात उन्हाला पोत्यावर बसून वाल सोलत होत्या. खूप लहान झाल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यावर पांढरी साय. मी समोर उभी राहिले तर मान वर करून म्हणाल्या, "कोन?"

"मावशी, मी सुनीती. पुण्याची. खेकडे न्यायला आले होते, पुष्कळ वर्षं झाली."

त्या हसल्या. दात राहिले नव्हते. "बादलीवाली," म्हणाल्या. "घरी जाऊन येगळी करते म्हनली व्हतीस. घरी पोचायला तुला यवढी वर्सं लागली व्हय गं?"

मी त्यांच्याजवळ खालीच बसले. त्यांनी वालाचं सूप माझ्यापुढे सरकवलं, सोल म्हणून, आणि आम्ही दोघी सोलत बसलो. सून चहा देऊन गेली. मग मी सांगितलं. की मी ते वेगळे केलेच नाहीत, एकच म्हणून छापलं, त्यावर मोठी झाले, आणि आता एक मुलगी विचारते आहे.

"पल्याड आता काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आठ-नऊ वर्सं झाली. खिंड फोडून रस्ता केला. खाली वढा व्हता त्यो पाइपात घातला, वर मुरूम. बंगलं बांधनार व्हते. बांधलं न्हाईत काय न्हाईत. आमी दोन उन्हाळं जाऊन बघितलं. एक न्हाई गावला." त्यांनी एक शेंग मोडली. "तू छापलं नसतंस तरी रस्ता झालाच असता. खेकड्यापायी रस्ता कोन अडवतंय? पर कुनी इचारलं तरी असतं, हितं कोन ऱ्हातं म्हनून."

मी डबा उघडला. "मावशी, ओळखता येतील?"

त्यांनी हात पुसले. मी आणलेले रबरी हातमोजे पुढे केले तर त्यांनी ते बोटाने बाजूला सारले. "त्यानं हात आंदळा व्हतो." पहिला खेकडा डाव्या तळहातावर घेतला आणि उजव्या हाताचा अंगठा कवचाच्या पुढच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, विळीची धार बघावी तसा. डोळे मिटलेले. "अल्याडचा," म्हणून डावीकडे ठेवला. दुसरा. "अल्याडचा." तिसऱ्यावर अंगठा थांबला, परत फिरला. "ह्यो बग. खरखर हाय. पल्याडचा." उजवीकडे. मी माझा अंगठा फिरवून पाहिला. सुरुवातीला काहीच कळलं नाही. मग मीही डोळे मिटले, आणि कळलं. गुळगुळीत, आणि खरखर. मधलं काही नव्हतं. झिजलेलं काही नव्हतं. बावीस वर्षं बरणीत ती कड तशीच होती, आणि मी भिंगं बदलत होते. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटतही होती, पण त्याहून जोरात काहीतरी नाचत होतं आत. वेगळे आहेत! एका डोंगराने, पोटाशी धरलेल्या पिल्लांनी, कोणी बघत नसताना इतक्या हळू घडवलेली ती बारीक करवत माझ्या अंगठ्याखाली होती, आणि माझंच दर वर्षीचं व्याख्यान खरं निघालं होतं. मी हसले. मावशीही हसल्या. "आता कसं!" म्हणाल्या. आणि पुढचा घेतला. उन्हात डावीकडची रांग वाढत गेली, उजवीकडची तिच्या मागे मागे. डावीकडे तेरा झाले. उजवीकडे नऊ.

शेवटचा डब्याच्या तळाशी होता. म्हणजे मीच तो तळाशी घातला होता. मावशींनी उचलला, आणि अंगठा कडेवर जायच्या आधीच त्यांच्या बोटांना खालचं पोट लागलं. त्या थांबल्या. खेकडी उलटी केली. पोटाची झडप फुगलेली होती. त्यांनी नखाने ती हलकेच उचलली. आत मोहरीच्या दाण्यांएवढाले खेकडे, एकमेकांना आणि आईला धरून, पाय दुमडलेले, सगळे पूर्ण.

"ही लेकुरवाळी हाय," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या ओढ्यात, त्या पाठमोऱ्या असताना, मी तिला कपारीतून काढून कळशीत टाकलं होतं. निबंधात पिल्लांची एक आकृती हवी होती. ती आकृती फार छान आली होती, सगळे तिचंच कौतुक करायचे.

"म्या सांगितलं व्हतं तुला." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ऐकवेना. मग त्यांनी झडप परत मिटली, अंगठा कडेवरून नेला. नेला, परत आणला. मला माहीत होतं त्या काय म्हणणार. "पल्याडची," म्हणाल्या.

त्यांनी तिला उजवीकडच्या रांगेत ठेवलं नाही. तळहातावरच धरून बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "हिला सोडाया म्या खिंड चढून गेले असते गं. आता कुटं सोडू?" मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मावशींनी पदराने खेकडी टिपली, माझा रुमाल मागितला, त्यात तिला गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ह्यांच्यात घालू नगंस. येगळी ने."

अलीकडचे एका डब्यात, पलीकडचे दुसऱ्यात भरले. वाडीत फोनला रेंज नव्हती. सून म्हणाली, वर खिंडीत येते. मी चढून गेले. रस्ता रुंद होता, डांबर पडायचं राहिलेलं, मधोमध गवत उगवलं होतं. पलीकडे उतारावर चुन्याच्या फक्कीने आखलेले चौकोन आणि सिमेंटचे खांब, नंबर घातलेले, आणि माणूस एकही नाही. मी शाई गेल्याचं ते जुनं उत्तर पुसलं आणि नवीन लिहिलं. "प्रिय गौतमी, दोन्ही बाजूंचे खेकडे मी स्वतः एकाच बादलीत ओतले होते. गाडी चुकेल म्हणून. निबंधाचा निष्कर्ष चुकीचा आहे, तसं मी त्या नियतकालिकाला कळवते आहे. अलीकडचे तेरा, पलीकडचे दहा. दहावी लेकुरवाळी आहे, तिची पिल्लं मी कधीच मोजली नव्हती. पाथरवाडीच्या सारजाबाईंनी ते आज हाताने वेगळे केले. त्यांनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं. जातीला नाव देशील तेव्हा आधी त्यांना विचार." मेल गेली.

खाली ओढा होता तिथे मुरमाच्या भरावातून एका पाइपाचं तोंड बाहेर आलेलं होतं. मी उतरले. खाली बसून खेकडीचा रुमाल मांडीवर ठेवला, बाही वर केली आणि पाइपाच्या कडेला जी फट होती तिच्यात हात घातला, तळहात वर, बोटं सैल. आत अंधार आणि कोरडी माती. कोपरापर्यंत हात गेला. चिमटा बसेल म्हणून मी बराच वेळ हात तसाच ठेवला.